भैरोबा स्कॅनरवर

"तू खाली बस. मशीनवर कौस्तुभ बसेल."

सरांनी हे सगळ्या वर्गासमोर सांगितलं. मग मुखवटा माझ्या मांडीवर ठेवला. "तुझं काम हे."

त्या वेळी कंप्युटरवर माझी पाळी होती. पाळ्यांचं वेळापत्रक मीच केलं होतं. असली कामं तिथे माझ्याकडेच यायची. वेळापत्रक करायला मी चालत होते. खुर्चीत बसायला नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. पेठ गावाच्या पलीकडचा आमचा पाडा सोडून मी नाशिकला सरकारी वसतिगृहात राहत होते. विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम. चित्र, नाटक, संगीत आणि कंप्युटर, सगळं एकत्र. सर त्याला 'आंतरविद्याशाखीय' म्हणत आणि म्हणताना डोळे मिटत. कलांमधल्या भिंती पाडायच्या, असं त्यांचं आवडतं वाक्य होतं. भिंती पडल्याही असतील. फरशी आणि खुर्ची यांच्यातलं अंतर तेवढं शाबूत राहिलं.

मुखवटा आमच्या घरचा. गावात बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे चढवून रात्रभर नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं ते ठरलेलं. आमच्याकडे भैरोबा. आधी आजा नाचवायचा, मग बा.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची कल्पना माझी होती. भैरोबाला कंप्युटरवर नाचवायचं, संबळाच्या तालावर. बा कसा पाय टाकतो, कुठे वळतो, कुठे थबकतो, त्याचं एकेक चित्र मी काढलं होतं. मुखवटा मागितला तेव्हा बा एवढंच म्हणाला, "ने पोरी. पर तमाशा नको करू त्याचा."

जोडीला कौस्तुभ दिला. त्याच्या घरी, कॉलेज रोडला, स्वतःचा कंप्युटर होता. म्हणून तो हुशार. यावर वर्गात कोणाचंच दुमत नव्हतं.

मी म्हटलं, चारही बाजूंनी फोटो काढू. त्याला रोल धुवून येईपर्यंत थांबायचं नव्हतं. त्या हुशार मुलाने मुखवटा उचलला आणि स्कॅनरच्या काचेवर उपडा घातला. झाकण बसेना. कोपराने दाबलं. पडद्यावर काय आलं? नाकाचा एक गोळा. बाकी सगळा अंधार.

सर म्हणाले, "वा! अमूर्त आलंय."

मुखवटा उचलला तर नाकावरचा रंग काचेला चिकटलेला. कौस्तुभने तो बाहीने पुसला. "रंगच आहे गं. मारून टाक परत." मग मुखवटा तोंडाला लावून उड्या मारायला लागला. "झिंगालाला! झिंगालाला!" वर्ग हसला. सरही हसले. भिंती पाडणारे सर.

मी मुखवटा काढून घेतला आणि पुढचं चित्र काढायला बसले. पदवी हवी होती. त्या प्रकल्पाचे मार्क सरांच्या हातात होते. आमच्या पाड्यावरून इथवर कोणी आलेलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मुंबईचे पाहुणे येणार होते. सकाळी सरांनी मला बोलावलं.

"तू लुगडं नेस. मुखवटा लाव. स्क्रीनच्या शेजारी नाचायचं. लाइव्ह रेफरन्स!"

"सर, आमच्यात बाया सोंग नाचवत नाहीत."

"अगं, आत कोण आहे हे कोणाला कळणार?"

आमच्या गावात सगळ्यांना कळतं. बाया भैरोबाला ओवाळतात आणि त्याच दमात बाला सांगतात, "भाऊ, गुडघा जप." देवही दिसतो, माणूसही दिसतो. आत कोण आहे याने फरक पडत नाही, हे मला विद्यापीठात येऊन ऐकावं लागलं.

मागे कौस्तुभ माझी चित्रं मशीनवर जोडून केलेली फिल्म लावून बघत होता. पाय माझ्या चित्रातले. वळणं माझ्या चित्रातली. सुरुवातीला नाव आलं: 'संकल्पना आणि दिग्दर्शन', पुढे कौस्तुभ. शेवटी आलं: 'विशेष आभार – पेठ परिसरातील आदिवासी बांधव'.

त्या खोलीत आदिवासी बांधव मी एकटी होते.

मी सरांना म्हटलं, "आमच्यात बाया नाचवत नाहीत, हे एक. नाचवत असत्या तरी तुमच्या पाहुण्यांसमोर मी नाचले नसते, हे दुसरं. आणि फिल्म माझी आहे. नाव बदला."

"मार्क कोण देतं, विसरलीस वाटतं."

"नाही सर. लक्षात आहे."

कौस्तुभ म्हणाला, "नावाचं काय एवढं, यार?"

"मग तुझं काढ."

त्याने काढलं नाही. मी मुखवटा फडक्यात बांधला, चित्रांची गुंडाळी काखेत मारली आणि त्यांच्यासमोरून निघाले. फिल्म पाहुण्यांना फार आवडली म्हणे. मातीचा गंध आहे, असं कोणीतरी म्हणालं. एसी हॉलमध्ये.

मी नापास झाले.

घरी बाने मुखवटा उलटसुलट करून पाहिला. नाकापाशी त्याचा अंगठा थांबला.

"नाचलीस?"

"नाय."

"बरं." मुखवटा परत फडक्यात बांधत म्हणाला, "साल गेलं. डी.एड. कर आता. पगार तरी हाय."

मी डी.एड. केलं नाही. नाशिकमध्येच शालिमारला एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवल्या आणि रोज रात्री दुकान बंद झाल्यावर तिथल्याच मशीनवर हात बसवला. जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात नाव घातलं. सरांनी मला बघितलं आणि त्यांचं तोंड आंबट झालं.

"तू? अगं, इथे काय राहिलंय तुझं?"

"फिल्म."

मी मशीनसमोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मला उठवायला कोणी पुढे आलं नाही, आणि आलं असतं तरी मी उठले नसते.

वर्षभर कोणाशी गोड बोलले नाही. कोणाला माफ केलं नाही. काम संपवलं. सगळ्यात आधी नाव टाकलं. माझं, आडनावासकट, पाड्यासकट. खाली बाचं.

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "एवढं मोठं नाव?"

मी त्यांच्यादेखत अक्षरं आणखी मोठी केली. तेव्हाच ठरवलं. माझ्या हातचं काम माझ्या नावाशिवाय कोणत्याही दारातून आत जाणार नाही. ज्यांना नाव खुपतं, त्यांना काम मिळणार नाही.