मला कुठं जायचं नव्हतं

कॅनडात मला थंडीनं छळलं असेल असं सगळ्यांना वाटतं. थंडीचं काय, थंडी मी फौजेत असताना लडाखला भोगलीय. मला छळलं ते गप्प बसण्यानं. माझी लेक पाच वर्षं झाली इथं दवाखान्यात नर्स आहे, एकटीच राहते. ती ड्युटीला गेली की दिवसभर तोंड उघडायची सोय नाही. बायको गेल्यावर लेकीनं धोशाच लावला, म्हणून उंब्रजच्या घराला कुलूप घातलं, म्हैस धाकट्या भावाच्या दावणीला बांधली आणि आलो. सहा महिने राहून बघा, नाही करमलं तर परत जा, असं ठरलं होतं. मी महिन्याभरातच परत जायचं मनात पक्कं केलं. लेकीला सांगायचं कसं, तेवढंच सुचत नव्हतं.

उंब्रजला माझी बसायची जागा म्हणजे एसटी स्टँडवरचा बाकडा. पेन्शनीत निघाल्यापासून रोज सकाळी नऊ ते साडेअकरा. तिथं बसणाऱ्या निम्म्या लोकांना कुठंच जायचं नसतं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोरगा भरतीत उंचीला कमी पडला, सगळं तिथंच कळतं. शेजारी अनोळखी माणूस आला तरी "कुठलं गाव, पाव्हणं?" म्हटलं की तासभर निघतो.

इथं घराच्या कोपऱ्यावर काचेचा बसथांबा दिसला आणि मी म्हटलं, सापडली जागा. पहिल्या दिवशी जाऊन बसतोय तोवर बस आली, थांबली, दार उघडलं. ड्रायव्हर बाई माझ्याकडं बघत बसल्या. मी हात वर केला, म्हणजे तुमी व्हा पुढं. त्या थांबूनच. आमच्याकडं गाडी थांबवायची तर हात करत रस्त्यात पळावं लागतं, तरी ड्रायव्हर वीस पावलं पुढं नेऊनच उभी करणार. इथं माणूस नुसता बसला तरी गाडी थांबते. मला लाज वाटली. एका म्हाताऱ्यापायी येईल ती गाडी थांबवायची म्हणजे काय. मग बस दिसली की मी उठून मागच्या झाडाआड उभा राहायला लागलो. बस गेली की पुन्हा बाकड्यावर. एकवीस वर्षं फौजेत आड घ्यायला शिकलो, ते शेवटी कॅनडात कामी आलं.

आठवडा असाच गेला. मग एका सकाळी पोलिसांची गाडी आली. एक बाई उतरल्या, अदबीनं वाकून विचारायला लागल्या. नाव काय, घर कुठं, आज वार कोणता. वार विचारला तेव्हा माझं डोकं सटकलं. माझं इंग्रजी फौजी. "आय अॅम सिटिंग," एवढंच म्हणालो, आणि खरंही तेच होतं. त्यांनी मला गाडीत घालून घरी आणलं. लेक ड्युटी सोडून पळत आली. बसवाल्या बाईंनी कळवलं होतं की एक म्हातारे गृहस्थ रोज थांब्यावर बसतात आणि बस आली की लपतात, बहुतेक स्मरणशक्ती गेलीय.

संध्याकाळी लेकीनं पत्ता लिहिलेलं कार्ड माझ्या कोटाच्या खिशात घातलं. "आबा, नुसतं असू द्या."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी हरवलेला माणूस वाटतो व्हय गं तुला? आपलीच मोरी अन् मुतायची चोरी. तिकीट काढ माझं. मला न्हाई ऱ्हायचं हितं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. "पुढच्या आठवड्यातलं बघते," एवढंच म्हणाली. मनातलं बोलून मोकळा झालो खरा, पण जेवण काही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांब्यावर जाऊन बसलो. बघू कोण उठवतंय. थोड्या वेळानं लेक दोन कप चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. तिची दुपारची ड्युटी होती. बस आली, दार उघडलं, त्याच बाई. लेक त्यांना काहीतरी बोलली, त्या हसल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, हे माझे वडील हायत. यांना कुठं जायचं नसतं, नुसतं बसायला आवडतं." मग चहाकडं बघत म्हणाली, "आबा, पयल्या वर्षी मी पण हितंच बसायची."

"तू कशाला?"

"खोलीत कोण होतं माझं? ड्युटीवरनं आले की हितं बसून तुमाला न् आईला फोन लावायची. रडू यायला लागलं की गाडी आली म्हणायची न् फोन ठेवायची. गाडी कुठली आलीय."

मला आठवलं, तो फोन ठेवला की मी स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटायचो, पोरगी लय मजेत हाय.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?"

"परत ये म्हणालो असतो."

"म्हणून न्हाई सांगितलं."

दोन गाड्या आल्या, गेल्या. मी विचारलं, तिकीट काढलंस का. रात्री काढते म्हणाली. मी म्हटलं, काढू नको. तिनं पदर नाही म्हणून बाहीनं डोळे पुसले.

तिची ड्युटीची वेळ झाली. पुढच्या गाडीत ती चढली आणि खिडकीशी बसून तिनं हात केला. मीही केला. पाच वर्षं ती इथून गाडीत चढत होती, आणि तिला गाडीत बसवून द्यायला घरचं माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आलं होतं.