पिकू दे म्हणे

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. काचबिंदू लवकर कसा ओळखायचा याचं संशोधन चाललंय तिथं, म्हणून येईल त्याच्या डोळ्याचा दाब फुकट मोजतात. शेजारची म्हातारी नंबर यायच्या आतच उठली. सुनेला म्हणाली, "चल गं, अजून पिकलं नाही. पिकल्यावर येऊ."

किळस आली मला त्या शब्दाची. डोळा काय आढीतला आंबा आहे? मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे, तेही जुन्या काळी. काचबिंदू पिकत नाही. तो गुपचूप नजर खातो, आणि खाल्लेली नजर परत येत नाही. शिकलेली माणसं शोधून शोधून थकली, आणि आमच्या तोंडात अजून तेच कुजकं बोलणं. माझ्या सरूलाही गल्लीतल्या बायांनी हेच सांगितलं होतं. रोज सकाळी ती दारातल्या उजेडात तोंड वर करायची. "बघा हो, पिकलं का?" बुबुळ तर स्वच्छ दिसायचं.

"बसा खाली, बाई," मी म्हणालो. "माझी बायको पिकायची वाट बघत आंधळी झाली, आणि तशीच मेली."

म्हातारीनं डोळे वटारले. "जिभेला हाड नाही मेल्याच्या," असं सुनेला म्हणाली आणि बसली.

वटारायला अजून डोळे होते तिला.