माळकऱ्याच्या कमरेची किल्ली

कतारमधल्या दोह्याच्या समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात वाइनच्या कोठाराची किल्ली कितीतरी वर्षं एका माळकऱ्याच्या कमरेला होती. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटायची. थट्टा नव्हती, जियादचा धूर्तपणा होता. जियाद म्हणजे हॉटेलच्या खाण्यापिण्याच्या विभागाचा लेबनानी मॅनेजर. आधीच्या कोठारवाल्यांनी बाटल्या रिचवून वर त्यालाच शहाणपण शिकवलं होतं. मग सत्त्याण्णव साली तासगावकडचा निवृत्ती भरतीत आला, गळ्यात तुळशीची माळ घेऊन. जियादने विचारलं, हे काय? निवृत्तीने मोडक्या हिंदीत सांगितलं, ही घातली की मटण नाही, दारू नाही, खोटं बोलणं नाही. "यल्ला," जियाद म्हणाला, "मला हाच माणूस पाहिजे." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यापेक्षा माळकऱ्याच्या हाती दारूच्या किल्ल्या बऱ्या.

निवृत्तीने मात्र लगेच होकार दिला नाही. ज्यांच्या हातून माळ घातली त्या महाराजांना गावी निरोप पाठवून विचारलं, बाटलीला हात लागलेला चालेल का? महाराज व्यवहारी होते. हात धुता येतात, म्हणाले, जिभेला लागू देऊ नकोस. तेव्हापासून निवृत्ती बाटल्या आडव्या लावायचा, पेट्या उचलायचा, कोठार गार आहे ना ते बघायचा आणि जेवायला बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचा.

हॉटेलची बरीच माणसं अल मन्सूरा वस्तीतल्या जुन्या इमारतीत राहायची. तिथे त्याच्या शेजारच्या खाटेवर वली होता, म्हसळ्याचा, हॉटेलात तांदूळ-पिठाच्या कोठारावर. वाइनच्या कोठाराची जागा आधी वलीलाच देऊ केली होती. हराम आहे म्हणून त्याने हात जोडले. एकाने हात लावायचा नाही, दुसऱ्याने जीभ लावायची नाही. शुक्रवारी दोघे मिळून खालच्या हॉटेलात डाळभात खायचे आणि एकमेकांच्या देवांची यथेच्छ चेष्टा करायचे.

घरी बायको होती, बायडाबाई. मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दोघांनी एकाच दिवशी, एकाच महाराजांकडून माळ घातली होती. निवृत्तीच्या पगारात कतारला बायको आणायची परवानगी मिळत नसे. रजा दोन वर्षांतून एकदा; परत निघताना बायडाबाई दर खेपेला उंबऱ्यात विचारायची, आता कधी येणार? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दोघांनी एका छपराखाली काढलेला काळ बोटांवर मोजावा इतका. निवृत्तीला दुसरं काही नको होतं. मोटार नको, स्लॅबचं घर नको. संध्याकाळी कामावरून आल्यावर दारात बायडाबाई दिसावी, एवढीच त्याची हाव होती, आणि एवढ्याशा हावेने माणसाला किती नाचवावं याला काही धरबंध नाही.

दोन हजार तीनच्या थंडीत कोठारात एका नव्या वाइनच्या पेट्या आल्या. निवृत्तीने बाटली उजेडात धरली तर आत गढूळ, बुडाला गाळ. त्याने सगळ्या पेट्या "खराब" म्हणून बाजूला काढल्या. दुसऱ्या दिवशी जियाद ओरडतच आला. मागोमाग एक उंच, उन्हाने रापलेला फ्रेंच म्हातारा होता, आणि तो पोट धरून हसत होता. त्याचं नाव रेमी; ती गढूळ वाइन त्याचीच. फ्रान्समध्ये नदीकाठी त्याची छोटी द्राक्षबाग, घरातलीच माणसं राबणारी: तो, त्याची बायको ओदेत आणि मुलगी. रासायनिक औषध नाही, खत नाही. शेण गाईच्या शिंगात भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचं आणि मग ते पाण्यात घोटून शिंपडायचं. नांगराला घोडा. रस गाळायचा नाही, टिकण्यासाठी काही मिसळायचं नाही. पांढरी द्राक्षं सालीसकट मातीच्या रांजणात ठेवून नारिंगी वाइन करायची. शेजारी त्याला वेडा म्हणत. गाळ हीच त्याची मिजास होती.

निवृत्तीने हॉटेलात शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडेही द्राक्षं आहेत, तासगावला. रेमीने त्याचा हात हातात घेतला तो सोडेचना. बोर्डो, आमचा वाइनचा मुलूख, माहीत आहे का, त्याने विचारलं. निवृत्ती म्हणाला, माहीत आहे की, आमच्याकडे बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याची फवारणी. म्हातारा इतका हसला की त्याला पेटीवर बसावं लागलं. त्यानंतर दर फेब्रुवारीत हॉटेलच्या फ्रेंच मेजवानीसाठी रेमी यायचा, आणि आल्या आल्या आधी खाली कोठारात यायचा. निवृत्तीसाठी बागेतल्या अक्रोडांची पिशवी आणायचा. साहेबलोकांत निवृत्तीचा हात असा कुणी कधी धरला नव्हता. तो हुरळला, आणि का हुरळू नये?

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत रेमी पेटीवर बसून बोलता बोलता म्हणाला, "तू आमच्याकडे ये. बायकोला घेऊन ये. तळघरावरची खोली रिकामीच आहे. द्राक्षं तोडायला माणसं मिळत नाहीत आम्हाला."

निवृत्तीच्या हातातली बाटली हातातच राहिली. "खरंच येऊ?"

"ऑफ कोर्स!"

"बायकोसकट?"

"ऑफ कोर्स, ऑफ कोर्स!" मग रेमीने डोळा मिचकावला. "पण एक आहे हं. जो पीत नाही तो माझ्या तळघरात पाऊल टाकत नाही. आमच्या घरचा कायदा आहे. आधी माझ्याबरोबर एक ग्लास."

"आणि मग येऊ?"

रेमीने छातीवर हात ठेवला.

आता निवृत्तीच्या गावची रीत अशी, की सोयरीक असो नाहीतर बैलाचा सौदा, वडीलधारा माणूस तीनदा विचारतो आणि समोरच्याने तीनदा हो म्हटलं की शब्द बसला. वाटेवरच्या माणसाला "या जेवायला" तिथेही म्हणतात आणि ते ऐकून कुणी ताटावर येऊन बसत नाही, हे निवृत्तीला कळत नव्हतं असं नाही. पण तीनदा? तीनदा विचारल्यावर तोंडदेखलं हो कुणी म्हणत नाही. आणि तो ग्लासाचा कायदाही त्याला चमत्कारिक वाटला नाही. माळ घातल्याशिवाय भजनात टाळ मिळत नाही, तसं प्यायल्याशिवाय यांचं तळघर मिळत नसेल. प्रत्येक घराची आपली दीक्षा असते.

वलीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "खुळा झालास काय रे निवृत्ती? आमी इन्शाल्ला म्हणतो तवा तरी समजतं, काम होणार नाय. हा गोरा तर ऑफ कोर्स म्हणतोय! बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, तू ताट घेऊन बसलास!"

"छातीवर हात ठिवला त्यानं."

"मी पण ठेवतो. बघ, ठेवला. तुला म्हसळ्याचा नवाब केला, जा."

निवृत्ती चिडून दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. फोन करून बायडाबाईला मात्र सांगितलं: फ्रान्सला जायचं, दोघांनी मिळून. पासपोर्ट काढ. ग्लासाचं तेवढं बोलला नाही. खोटं बोलायचं नाही हा नियम होता. गप्प बसण्याबद्दल महाराज काही म्हणाले नव्हते. बायडाबाई उभ्या जन्मात सांगलीच्या पलीकडे गेलेली नव्हती. तिने फोटो काढले, पोलीस चौकशीला आलेल्या शिपायाला चहा पाजला, आणि सगळ्या आळीला सांगून ठेवलं की आता मी मालकाकडं चालले. वर्षभर दर फोनला एकच विचारायची, "तिकडं थंडी लई आसती म्हनं. सुती लुगडं चालंल का वो?"

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत रेमी आला, या खेपेला ओदेतला घेऊन. दोघे कोठारात आले तेव्हा निवृत्तीने दार लोटून घेतलं. त्याने गळ्यातली माळ आपल्या हाताने काढली, डोळ्यांना लावली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. महाराजांनी घातलेली माळ. मग तो रेमीला म्हणाला, "द्या."

रेमीने आनंदाने बाटली फोडली. ती नारिंगी वाइन निवृत्तीने औषधासारखी एका दमात घशाखाली उतरवली. आंबलेल्या ताकात कुणी बेदाणे कुस्करावेत तशी चव. डोळ्यांत पाणी आलं. रेमीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी फ्रेंचमध्ये ओरडला.

"आता कधी येऊ?" निवृत्तीने विचारलं. "बायकोचा पासपोर्ट तयार आहे."

रेमी हसतच होता. त्याला कळलंच नव्हतं. ओदेतला कळलं. तिने नवऱ्याला हळू आवाजात काही विचारलं, त्याने खांदे उडवले, तिने परत विचारलं, आणि मग त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

"मित्रा," रेमी म्हणाला, "ते आम्ही... ते आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. प्रेमाने म्हणतो. आमची बाग केवढीशी! मुलीलाच तिथे वर्षभर पुरेसं काम नाही, ती गावात शाळेत शिकवते. परदेशी माणूस ठेवायचा तर सरकारची परवानगी, वकील... आम्हाला कसं जमणार?"

"मी तीनदा विचारलं होतं," निवृत्ती म्हणाला.

ओदेतची नजर त्याच्या मोकळ्या गळ्यावर गेली. ते मणी धर्माचे होते का, तिने विचारलं. तो हो म्हणाला. "अरे देवा," ती म्हणाली, "मग तू आधी सांगायचंस ना!"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच तर वाईट. दोघांतल्या एकाच्याही पोटात पाप नव्हतं. पाप असतं तर चार शिव्या घालून मन मोकळं करता आलं असतं. निवृत्तीने त्यांचा ग्लास विसळून ठेवला आणि कोठाराला कुलूप लावलं.

ओदेतला रात्रभर झोप आली नसावी. सकाळी ती थेट जियादकडे गेली आणि कळवळून सांगितलं, त्या गरीब माणसाने आमच्यासाठी आपला धर्म मोडला, त्याच्यासाठी काहीतरी करा. जियादने लगेच केलं. निवृत्तीला बोलावून हात पुढे केला. "किल्ली."

"साहेब, एकच ग्लास. परत कधी नाही."

"तुझ्या देवाशी मला घेणं नाही," जियाद शांतपणे म्हणाला. "मला न पिणारा माणूस पाहिजे होता. आता तू पिणारा आहेस. खलास." कोठारात कुणी नवीन आला आणि निवृत्ती तळमजल्यावरच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायला गेला. ओदेतबाई निघाल्या तेव्हा त्याच्यासाठी अक्रोडांची पिशवी ठेवून गेल्या. दया करणाऱ्या माणसांपासून देव वाचवो.

मन्सूराच्या खोलीत बाकीच्यांच्या थट्टेला ऊत आला. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, कुणी म्हणालं. फ्रान्सचे जावई, कुणी म्हणालं. मी सांगितलं होतं, हे वली तेवढा म्हणाला नाही. त्याने फोनचं कार्ड आणून निवृत्तीच्या हातात दिलं. "घरी सांग. दुसऱ्याच्या तोंडून जायच्या आत तूच सांग."

निवृत्तीने सांगितलं. फ्रान्सचं फिसकटलं, किल्ली गेली, माळ उतरवली, सगळं.

"कुनाला इचारून उतरावली?" बायडाबाईने विचारलं.

"तुज्यासाटीच उतरावली. दोगं एका जागी ऱ्हावं म्हनून."

"माज्यासाटी म्हनू नगा. म्या तुमास्नी एका सबदानं म्हनलं न्हवतं."

"मी रजंवर आलो की म्हाराजांकडं जातो. पुन्यांदा घालतो."

"घाला की. म्हाराज द्याचे न्हाईत थोडंच." तिचा आवाज चढला नाही, रडकाही झाला नाही. "पर येक ऐका. लगीन झाल्यापासनं तुमी तिकडं आन म्या हिकडं. ना पोर, ना बाळ, ना येका ताटात दोन घास. सकाळी उठून गळ्याला हात लावायचे तवा वाटायचं, ह्याच घडीला तिकडं त्यांच्या बी गळ्यात हीच हाय. दोगांचं म्हनून आपल्याकडं तेवडंच हुतं. त्ये बी तुमी गोऱ्याच्या पेल्यात बुडवून आलासा."

पुढच्या रजेत निवृत्तीने खरोखर महाराजांच्या हातून माळ घातली, आणि बायडाबाईने त्या दिवशी गोडाचं केलं, शेजाऱ्यांना बोलावलं, त्याला आग्रह करकरून वाढलं. तो परत निघाला तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली. आता कधी येणार, हे मात्र तिने विचारलं नाही; त्यानंतर कधीच विचारलं नाही.