नसलेली बॅटरी

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी वाचतो ते फक्त चिडायला. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... आणि शेवटी लेखकाने हात वर केलेले. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही ठेवायची इच्छा नाही. त्यामुळे स्वतःच इथे लिहायला बसावं लागतंय याचा मला मनापासून वीट आलाय. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय हे डोक्यातून जात नाहीये.

आम्ही भिलाईचे. आजोबा वर्ध्याकडून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी आले, बाबा रोलिंग मिलमधून रिटायर झाले, आता रिसालीत आमचं छोटं घर आहे. मी सुपेल्यातल्या एका दुकानवजा कंपनीत कामाला आहे. आम्ही जुने, स्वस्त कॉम्प्युटर आणतो, त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो आणि कोचिंग क्लासवाल्यांना विकतो. त्यातलं सगळ्यात घाणेरडं काम माझं. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये कारखान्यातच भरलेला एक प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. मशीन सुरू झालं की तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, माझ्यात अमुक आहे, तमुक आहे, मी एवढा गरम झालोय. आणि स्वस्त मशीनचं फर्मवेअर धादांत खोटं बोलतं. पंखा नसतो, तरी फिरतोय म्हणतं. झाकण सताड उघडं असतं, तरी बंद म्हणतं. एका डब्यात, कॉम्प्युटर कसला डबाच तो, जिथे मशीनचं नाव हवं तिथे ‘कंपनीने इथे नाव भरावे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तसंच सोडून दिलेलं! म्हणजे कुणीतरी दुसऱ्याचं उचललं, वाचायचेही कष्ट घेतले नाहीत, आणि माल बाजारात. मग मी सिस्टिममध्ये एक ओळ लिहायची, की या मशीनचं या बाबतीत ऐकू नकोस. त्या ओळीला क्वर्क म्हणतात. दुसऱ्यांनी केलेली घाण पुसत बसणं, हा माझा धंदा.

असाच एक डबा, पडदा त्यातच बसवलेला, मी घरी आणला होता, बाबांसाठी. त्यांची फुफ्फुसं बिडीने खाल्लीत. दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागतं, नाकात नळी. पण माणूस हट्टी. डुलकी लागायच्या आधी नळी काढून ठेवतील, वर विचारलं तर ‘मले काही होत नाई’. म्हणून मी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला, त्याची वायर डब्यात घातली, आणि आकडा खाली गेला की डबा किंचाळेल अशी सोय केली. आवाज फाटकापर्यंत जाईल असा कर्कश. आई वैतागायची, पण दोनदा त्याच आवाजाने बाबा वाचले होते.

या डब्याचं खोटं बॅटरीबद्दल होतं. त्यात बॅटरी नाही. बॅटरीवाल्या दुसऱ्या मॉडेलचा सांगाडा वापरलाय, त्यामुळे आत जागा आहे, पण ती रिकामी. तरी फर्मवेअर म्हणायचं, बॅटरी आहे आणि पूर्ण भरलेली आहे. मध्येच म्हणायचं, संपली! की सिस्टिम घाबरून स्वतःला बंद करून घ्यायची. ज्या डब्यावर बाबांचा जीव, तो असा बिनकारण बंद पडणार? मी शिव्या घालत क्वर्क लिहिला, की हा बॅटरीबद्दल जे काही बोलेल ते ऐकू नकोस. पडद्यावरचं बॅटरीचं चित्र गेलं, डबा गुमान चालायला लागला.

आता विश्वकर्मा पूजा. भिलाईबाहेरच्यांना सांगून कळणार नाही, पण इथे तो दिवस दिवाळीहून कमी नसतो. जिथे पाना-पकड तिथे पूजा. बाबांच्या हिशेबाने त्या दिवशी घरातलं एकही यंत्र प्रसाद होईपर्यंत चालायचं नाही. मिक्सर, पंप, आईचं लोखंडी स्टँडचं शिलाई मशीन, सगळं पुसून, कुंकू लावून गप्प ठेवायचं.

“तो तुह्या डबाही बंद कर,” बाबा म्हणाले.

“बाबा, तो तुमच्यासाठीच आहे ना.”

“एक घंट्यानं काय होते? अख्खा साल काम करून राहिला तो. त्यालेही आराम पाहिजे.”

“मग ऑक्सिजनचं मशीनही बंद करू का?”

“ते भट्टी आहे बे. भट्टी बंद नसते करत.” आणि स्वतःच्या विनोदावर खोकेपर्यंत हसले.

वाद घालून उपयोग नव्हता. डब्याचा प्लग मी माझ्या हाताने काढला. आईने वायरची गुंडाळी करून ती डब्यावर ठेवली, प्लगला झेंडूचं फूल बांधलं, कुंकवाचं बोट लावलं. बोटाचा चिमटा तेवढा बाबांनी काढू दिला नाही, सवय झालीये म्हणाले. शिलाई मशीन आम्ही कोपऱ्यातून ओढून पूजेला पुढे आणलं. मग गल्लीच्या टोकाला मंडपात आरती होती, तिथून बोलावणं आलं. “जा तुम्ही दोघं,” बाबा म्हणाले. “मले काय, मी बसलोच आहो.”

आरती सुरू होणार तर कापूर सापडेना. तो आणायला मी परत घरी निघालो, आणि फाटकातच तो आवाज ऐकला. तोच कर्कश, डोक्यात जाणारा. खरं सांगतो, पहिल्यांदा मला रागच आला, की कुणी चालू केला हा डबा? मग आत पळालो.

बाबा खुर्चीत एका बाजूला कलंडले होते. ओठ जांभळे, डोळे अर्धे उघडे. नळी नाकात होती! ऑक्सिजनचं मशीनही चालू. मी नळीवरून हात फिरवत गेलो, तर शिलाई मशीनच्या स्टँडचा लोखंडी पाय तिच्यावर बसलेला. आम्हीच ओढताना बसवलेला. मी स्टँड उचलून फेकल्यासारखा बाजूला केला, बाबांना सरळ धरलं, हाका मारत राहिलो. हळूहळू त्यांची छाती हलायला लागली. एवढ्यात माझ्या मागोमाग आई आली.

“काय झालं रे? आणि हे बंद कर ना आधी, कान फुटून राहिले!”

मी डब्याकडे वळलो. वायरची गुंडाळी डब्यावरच होती. प्लगला झेंडू तसाच. आणि पडद्यावर बाबांच्या आकड्याशेजारी बॅटरीचं चित्र, जे मी स्वतः घालवलं होतं. त्यातली बॅटरी अर्ध्याच्या खाली आली होती आणि माझ्यादेखत उतरत होती. मी कशालाही हात लावला नाही. बाबांचा आकडा चढत गेला, आवाज थांबला, आणि मग पडदा काळा झाला. आई कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी डबा दुकानात नेऊन उघडला. सोबत काम करणारा साहू म्हणाला, “कैपेसिटर में चार्ज बचा होगा, भैया.” त्याला माहीत होतं आणि मलाही, की तेवढ्यावर डबा एक श्वासभरही चालत नाही. डब्यातल्या घड्याळाचा बटणासारखा सेल असतो, त्यावर तर काहीच चालत नाही. बॅटरीच्या जागेचं झाकण पहिल्यांदाच काढलं... आत एक वाळलेली पाल. कधीची कोण जाणे, चपटी झालेली, शेपूट वायरींना चिकटलेलं, खाली अंड्यांची टरफलं. साहू बाहेर जाऊन थुंकून आला. मी पकडीने ती ओढून काढली, स्पिरिटने जागा घासली, हात तीनदा धुतले. घरी सांगितलं तर आई माझ्यावरच भडकली, “फेकून देल्ली? अरे, तिनंच वाचवलं अशीन तर?” आता ती रोज डब्याला उदबत्ती ओवाळते. शेजारपाजारच्या बायका येऊन हात जोडून जातात. कामाचं मशीन आहे ते, त्याच्या जाळीत राख पडते म्हणून मी ओरडतो, आणि सगळ्या माझ्याकडे पापी असल्यासारखं बघतात. या सगळ्याची मला किळस येते.

मी माझ्या परीने तपासलं. सिस्टिम जशीच्या तशी आहे, क्वर्क जागच्या जागी. प्लग काढला की डबा त्याच क्षणी मरतो. चिमटा माझ्या बोटाला लावून पाहिलं, आईच्या बोटाला लावून पाहिलं, बाबा ठणठणीत बसलेले असताना त्यांच्याही. दर वेळी मरतो. आमच्या धंद्यात नियम आहे, बिघाड पुन्हा घडवून आणता आला नाही तर तो समजला असं म्हणायचं नाही.

बाबांनी हे सगळं बघितलं होतं. आयुष्यभर मिलमध्ये बिघाड शोधलेला माणूस तो. परवा दुपारी आई बाजारात गेली तशी मला जवळ बोलावलं.

“असं नाई सापडणार तुले. त्या दिवशी माह्या दम तुटला होता. तसंच करा लागते.”

“म्हणजे?”

“तू प्लग काढ. मी नळी काढतो. दोन मिनिटं. तू हाय ना इथंच.”

ते मजेत बोलत नव्हते. त्यांनाही उत्तर हवं होतं. मी ‘काहीतरीच काय’ असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी डब्याकडे पाहिलं, मग प्लगकडे, आणि आकडा कितीवर आला की थांबायचं याचा हिशेब करायला लागलो... माझ्या बापाच्या श्वासाचा. भान आलं तेव्हा माझा हात प्लगपर्यंत गेला होता, आणि बाबांनी नळी अर्धी काढलेली होती. फर्मवेअरची, पालीची, उदबत्तीच्या राखेची मिळून आली नव्हती एवढी किळस मला त्या हाताची आली.

“नळी लावा, बाबा.”

“कावून? भेऊन राहिला का?”

“हो,” मी म्हणालो, आणि मीच त्यांच्या नाकात नळी नीट बसवली.

डबा त्याच टेबलावर आहे. मला अजून काहीही कळलेलं नाही. आणि ज्या एका रीतीने कळू शकतं, ती मी करणार नाही.