शेवटच्या वळणानंतर हळू

बटणताईंविषयी लिहायला बसलो खरा, पण त्यांचं खरं नावही मला ठाऊक नव्हतं. शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायच्या, म्हणून बटणताई. चढाच्या पायथ्याशी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, तेवढीच ओळख.

माथ्यावर इस्पितळ होतं आणि तिथे त्यांचे यजमान पडून होते. कारखाना चारला सुटायचा, भेटीची वेळ पाचला संपायची. चढावर जेवढी मिनिटं वाचतील, तेवढी नवऱ्यापाशी. सुरुवातीला अर्धा चढ त्या सायकल ढकलतच जायच्या. चाळीस मिनिटं लागायची.

मी मागच्या चाकाला जास्त दातांचं फ्रीव्हील, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, बसवलं, पायडल हलकं झालं. सीट बोटभर वर घेतली.

"उभं राहून मारू नका, ताई. बसूनच, एका लयीत. आणि माथ्याकडे बघायचं नाही, पुढच्या खांबापर्यंतच बघायचं."

"माथ्यावरच तर माझा माणूस आहे, दादा. बघू नको म्हणजे काय!"

रविवारी सकाळी सरावालाही यायच्या. दोन महिन्यांत चाळिसाची बावीस मिनिटं झाली. मीच गावभर सांगत सुटलो. त्यांची तक्रार मात्र वेगळीच.

"वर पोचले की पाच मिनिटं नुसती धाप. हे म्हणतात, भेटायला येतेस की भाता चालवायला?"

तेव्हा मी शहाणपणा केला. "शेवटच्या वळणानंतर हळू जा. दोन मिनिटं जास्त लागतील, पण फाटकाशी श्वास जागेवर येईल."

तीन आठवडे दोघं पोटभर बोलली, असं त्याच म्हणाल्या.

मग एका गुरुवारी त्या दिवेलागणीच्या सुमारास परत खाली आल्या, सायकल हातात धरून.

"मी पोचले तर नर्स म्हणाली, आत्ताच गेले. दोन मिनिटं झाली." सायकल भिंतीला टेकवून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तशीच हळू चालवली, दादा."

त्या बोलण्यात राग होता का, मला आजही कळत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पंधरा दिवसांनी त्या दुकानात आल्या, त्या शेवटच्याच.

"ते मोठं फ्रीव्हील काढा, दादा. जुनं बसवा. आता सपाटीवरच चालवायचीय."

"अर्धा तास लागेल, ताई."

"लागू दे. मला घाई नाही."