जुन्या फॉन्टचे इमानदार

अमरावतीत आमच्या कॉलेजजवळ टायपिंगचं एक दुकान आहे. तिथले काका मराठी टाइप करतात ते एकाच जुन्या फॉन्टमध्ये. तो चालावा म्हणून त्यांनी कॉम्प्युटरही बदललेला नाही. ज्या कॉम्प्युटरवर हा फॉन्ट नसेल तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. तरी गावातले निम्मे प्राध्यापक त्यांच्याकडेच जातात, आणि हे दोन्हीकडून अभिमानाने सांगितलं जातं.

मी इंग्रजी शाळेतली. मोबाईलवर मराठी टाइप करताना माझी गोगलगाय होते. म्हणून माझी पहिली मराठी कथा, हाताने लिहिलेली चार पानं, अकोल्याच्या एका दिवाळी अंकासाठी मी काकांकडे दिली. "युनिकोडमध्ये हवी आहे, कुठेही उघडेल अशी," मी म्हटलं. फार हळू म्हटलं.

"ते मोबाईलवाल्याईचं काम हाय. प्रोफेसर लोक मलेच देतात, तुले कायचं भेव?"

काकांनी टाइप करून फाइल परस्पर अंकाला मेल केली. कथा पाठवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी संपादकांचा निरोप आला. फाइलमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही, सहापर्यंत पुन्हा पाठवा.

मी दुकान गाठलं. "त्याईच्या कॉम्प्युटरात खराबी हाय. फॉन्ट टाकाले सांग त्याईले," काका मान वर न करता म्हणाले.

बाकावर एक निवृत्त सर आपल्या सहाव्या पुस्तकाचं प्रूफ वाचत होते. "पाच पुस्तकं झाली इथं. एक तक्रार नाही आली कोणाची."

येणार कशी? सरांची फाइल जायची शेजारच्या छापखान्यात, तिथेही हाच फॉन्ट. आणि छापलेली पुस्तकं उघडायची वेळ बहुतेक कोणावर आलीच नसावी.

मी माझी पानं परत मागितली. काका कागद वाया घालवत नाहीत, एका गिऱ्हाइकाच्या पाठकोऱ्या पानांवर दुसऱ्याचं प्रूफ काढतात. सरांच्या हातातल्या कागदांमागे मला माझंच अक्षर दिसलं.

"सर, ती पानं द्या."

"थांब ना बाई. प्रस्तावना वाचून राहिलो."

चार वाजून गेले होते. मी पानं ओढून घेतली. कोणाच्या हातातून मी याआधी काही ओढलेलं आठवत नाही. मग तिथेच स्टुलावर बसून एका बोटाने मोबाईलवर टाइप करू लागले.

"बोटानं का कथा लिवतेत, पोरी?" काका हसले. सरही हसले. मी मान वर केली नाही.

सहाला चार मिनिटं कमी असताना कथा गेली. लगेच उत्तर आलं: "आता वाचता येतेय."

सरांनी प्रुफासाठी हात पुढे केला.

"नवीन काढून घ्या," मी म्हटलं, आणि पानं पर्समध्ये टाकली.