डाळिंबी वायर, विटकरी वायर

सकाळी शटर वर करताना कुरकुरतं ते शटर की आपली कंबर, हे डॉक्टरांना हल्ली कळेनासं झालं होतं. चौतीस वर्षं दोघंही एकत्रच गंजत आली होती.

डॉक्टर ही पदवी गल्लीने बहाल केलेली. गाडीचा बाजूचा आरसा बटण दाबूनही मिटेना, की लोक गाडी घेऊन यांच्याकडे येत. मग डॉक्टर आरशाला कान लावून, पेशंटची छाती तपासावी तसं ऐकत. आत मोटर नुसतीच घरघरली तर दातेरी चाक फुटलंय, घरघरही नसेल तर वायर गेलीय. ऐकून करायचं ते सगळं अजून झकास जमत होतं. बघून करायचं तिथे घोडं अडलं होतं. वर्षभरापासून लाल आणि तपकिरी वायर त्यांना जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. गिऱ्हाइकांना हे कळलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं, आणि बायकोला कळलं असतं तर त्याच्या आदल्या दिवशी. म्हणून डॉक्टर हे दुखणं लपवण्यात दिवसभराची निम्मी ताकद घालवत आणि उरलेल्या निम्म्यात काम करत.

त्या दिवशी मुख्याध्यापिका बाई आल्या. बाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. गाडी मात्र अजून सेवेत होती. तिने निवृत्तीचा अर्ज केला असता तरी बाईंनी तो नामंजूर केला असता. त्यांचं गॅरेज इतकं अरुंद, की दोन्ही आरसे मिटल्याशिवाय गाडी आत शिरत नसे. डावा आरसा चार दिवस रुसला होता आणि गाडी चार दिवस रस्त्यावर उन्हात उभी होती.

डॉक्टरांनी कान लावला. घरघर होती, तीही अडखळत. म्हणजे चाकही फुटलेलं आणि वायरही तुटायला आलेली. मिटताना-उघडताना बिजागरीपाशी वायर रोज वाकते, आणि रोज वाकणाऱ्याचं काय होतं हे डॉक्टरांच्या कमरेला वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी भंगारातल्या आरशातून चाक काढून बसवलं. मग आतली जाड स्प्रिंग छातीने दाबून धरली आणि तिच्यावरची चकती फिरवून अडकवली. एवढ्यातच धाप लागली. वायरी दाराच्या आत शिरतात तिथे त्यांनी नवे तुकडे जोडले. लाल कुठली, तपकिरी कुठली? उजेडात धरून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, आणि शेवटी अंदाजपंचे जोडून टाकल्या. त्याआधी मेजावर बॅटरी लावून आरसा छान मिटला होता, तो तसाच मिटलेला दारावर चढवला.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली आणि स्टुलावर बसली.

बाईंनी बटण दाबलं. उजवा आरसा मिटला, डावा उघडला. पुन्हा दाबलं. उजवा उघडला, डावा मिटला.

"माझ्या वर्गात होते असे दोन भाऊ," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत एकत्र उभे राहिले नाहीत."

डॉक्टरांनी सगळा दोष बटणावर ढकलला. जुनी गाडी, बटणाला मार बसलेला, असं बरंच काही सांगितलं. बोलता बोलता त्यांचाच आवाज त्यांना थकलेला वाटायला लागला. दाराचं आवरण पुन्हा खोलून ते वायरींपुढे बसले, आणि बसूनच राहिले.

बायको उठून शेजारी आली. हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, दिसत नाहीये ना?"

"कोण म्हणतं?"

"गेला महिनाभर तुम्ही एक काळा आणि एक निळा मोजा घालताय. मी म्हटलं, बघू कधी सांगतात."

वर्षभराची मेहनत अशी पायातून गळून गेली. डॉक्टरांनी मुकाट्याने वायरी तिच्या हातात दिल्या आणि रंग विचारले. लाल आणि तपकिरी म्हणेल ती बायको कसली! ही डाळिंबी, ही विटकरी, असा निकाल तिने दिला. डॉक्टरांनी डाळिंबीला डाळिंबी जोडली, विटकरीला विटकरी. बाईंनी बटण दाबलं, आणि दोन्ही आरसे पापण्या मिटाव्यात तसे एकदम मिटले.

काम झालं होतं. गप्प राहिले असते तर कोणी विचारलंही नसतं. पण स्प्रिंग दाबून छाती दुखत होती, आणि आणखी काही दाबून धरायचं त्राण उरलं नव्हतं.

"बाई, बटण चांगलं आहे. वायर मीच उलटी जोडली. मला रंग दिसत नाहीत."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, गृहपाठ केला नाही हे मुलाने स्वतःहून सांगितल्यावर पाहावं तसं.

"माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तुमच्याएवढं नाटक मी केलं नव्हतं. शटर ओढा. दवाखाना माझ्या वाटेवर आहे."

डॉक्टर काही कारण शोधत होते, तोवर बायकोने शटर खाली ओढलंसुद्धा. ते मागच्या सीटवर टेकले. चौतीस वर्षांत दुपारी दुकान बंद करून ते पहिल्यांदाच कुठे निघाले होते. डोळ्यांत नक्की काय होतंय हे दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरांना कसं सांगायचं, याची जुळवाजुळव त्यांनी सुरू केली, पण पहिल्या वळणाआधीच त्यांची मान बायकोच्या खांद्यावर कलंडली. दवाखाना आल्यावरही तिने त्यांना लगेच उठवलं नाही. बाईंनीही इंजिन बंद करून, हॉर्न न वाजवता, पाच मिनिटं वाट पाहिली.